लिब्रेऑफिस रायटरचे टॅब स्टॉप: मंडळाचा अहवाल आणि जमाखर्च करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

लिब्रेऑफिस रायटर फुकट मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून अख्ख्या सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू मी करत नाहीये, फक्त त्यातल्या टॅब स्टॉपबद्दल लिहितेय, म्हणजे टॅबचं बटण दाबलं की कर्सर ओळीत जिथे जाऊन थांबतो ती ठरवून दिलेली जागा. आपल्या पुण्यात गल्लोगल्ली मंडळं, सोसायट्या, भिशी, ट्रस्ट, वाचनालयं, आणि या सगळ्यांचे कागद म्हणजे डावीकडे नाव आणि उजवीकडे रक्कम, ते एकाखाली एक सरळ बसलं तरच कागद नीट वाचता येतो. माझं मत आधीच सांगून टाकते, मराठी मजकूर आणि आकडे एका ओळीत बसवायला मी जे जे वापरलंय त्यात रायटरचे टॅब सगळ्यात भारी आहेत, थोडे लपवून ठेवलेत ही तक्रार आहे पण एकदा सापडले की काम खूप सोपं होतं.

मी नारायण पेठेतल्या एका मंडळाचा अहवाल, देणगीदारांची यादी आणि जमाखर्च पत्रक बघते, आणि कोथरूडला आमच्या सोसायटीच्या नोटिसाही माझ्याकडेच असतात. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी कधी सप्टेंबरात, त्यामुळे दोन्हीकडचं टायपिंग एकदमच अंगावर येतं. अशा वेळी एक देणगीदार वाढला म्हणून अख्खं पान परत जुळवत बसायला वेळ कोणाकडे असतो.

लोक काय करतात तर नाव लिहितात आणि रक्कम उजवीकडे जाईपर्यंत स्पेसबार दाबत राहतात. स्क्रीनवर ठीक दिसतं, प्रिंट काढली की एक रक्कम पुढे एक मागे. याचं कारण साधं आहे. टाइपरायटरवर एक ठोका म्हणजे गाडी ठरलेलं अंतर सरकणार, त्यामुळे तिथे स्पेस मोजून रकाने जमायचे, आणि तरीसुद्धा त्या मशीनला टॅब लावायची आणि काढायची सोय असायची. गोदरेजने १९५५ मधे भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली त्यानंतर कितीतरी पिढ्या टायपिंग क्लासला जाऊन तक्ते बसवायला शिकल्या, परीक्षा परिषदेच्या टायपिंगच्या परीक्षेत अजूनही पत्राबरोबर तक्ता टाइप करायचा असतो. पण कॉम्प्युटरवरच्या फॉन्टमधे प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते आणि मराठीत तर हे फारच जाणवतं, 'र' केवढासा आणि 'क्ष्म' केवढा, त्यात जोडाक्षर एखाद्या फॉन्टमधे आडवं बसतं एखाद्यात उभं, म्हणजे 'लक्ष्मण' आणि 'राम' यांच्यापुढे कितीही स्पेस मोजून दिल्या तरी रकमा एका रेषेत येणं नशिबावरच. शिवाय तुमच्याकडे मंगल फॉन्ट आहे आणि समोरच्याच्या मोबाईलमधे तो नाहीये, तिथे दुसरा फॉन्ट लागतो, सगळ्या रुंदी बदलतात आणि स्पेसवर उभं केलेलं सगळं कोसळतं. टॅब स्टॉपला याचा फरक पडत नाही कारण तो अक्षरं मोजतच नाही, समासापासून सेंटीमीटर मोजतो. १२ सेंटीमीटर म्हणजे १२ सेंटीमीटर, फॉन्ट कुठलाही असो.

दुसरा प्रकार म्हणजे टॅबचं बटण दाबतात पण स्टॉप लावत नाहीत. तेव्हा सॉफ्टवेअर आपलं साधारण अर्ध्या अर्ध्या इंचावरचे ठरलेले थांबे वापरतं, मग छोट्या नावापुढे पाच वेळा टॅब, मोठ्या नावापुढे तीन वेळा, असं करून जुळवलेलं असतं. आडनाव बदललं की गेलं. तुम्ही स्वतःचा एक स्टॉप १२ सेंटीमीटरला लावला की त्याच्या आधीचे ते ठरलेले थांबे आपोआप निघून जातात, नाव छोटं असो मोठं असो, टॅब एकदाच दाबायचा. एका रकान्याला एक टॅब, यापेक्षा जास्त वेळा दाबावा लागत असेल तर स्टॉप चुकीच्या जागी आहे असं समजायचं. कुठल्याही फाईलमधे काय भानगड आहे ते बघायला कंट्रोल आणि एफ १० दाबा, स्पेसच्या जागी बारीक ठिपके आणि टॅबच्या जागी बाण दिसायला लागतात. कोणाचीही फाईल आली की मी आधी हे दाबते आणि मगच हात लावते.

आता लावायचे कसे. वरच्या पट्टीवर म्हणजे रूलरवर जिथे हवा तिथे क्लिक केलं की स्टॉप लागतो, ओढला की सरकतो, पट्टीच्या बाहेर ओढून टाकला की जातो. पट्टीच्या डाव्या टोकाला एक चिन्ह आहे त्यावर क्लिक करत गेलं की प्रकार बदलतो, डावा, उजवा, मधला आणि दशांश. हे चिन्ह एवढं बारीक आहे की कित्येक वर्षं रायटर वापरणाऱ्यांनी ते पाहिलेलं नसतं, आणि हे मला खरंच खटकतं, एवढी कामाची गोष्ट अशी कोपऱ्यात कशाला ठेवायची. माऊसने अचूक जागा साधणं कटकटीचं आहे म्हणून मी फॉरमॅट मेनूमधून पॅराग्राफ आणि तिथल्या टॅब्सच्या पानावर जाते, अंतर आकड्यात लिहिते, प्रकार निवडते, न्यू दाबते आणि मग ओके. त्या पानावर प्रिव्ह्यू नाही हीसुद्धा एक कमी आहे, ओके केल्याशिवाय काय होणार ते दिसत नाही.

या चार प्रकारांत खरी मजा दशांश टॅबची आहे. जमाखर्चात १,२५,००० पण असतात आणि ३४७.५० पण असतात, नुसता उजवा टॅब लावला तर ५० पैशाचे शून्य आणि लाखाचे शून्य एकाखाली एक येतात आणि बेरीज तपासणाऱ्याचे डोळे फिरतात. दशांश टॅबमधे टिंबाखाली टिंब येतं, ज्या रकमेला पैसे नाहीत ती टिंबाच्या जागेला येऊन संपते, म्हणजे रुपयाखाली रुपये आणि पैशाखाली पैसे, आपण शाळेत वहीत मांडायचो तसंच. मराठी आकडे लिहिले तरी टिंब तेच असल्यामुळे अडचण येत नाही. फक्त एक गोष्ट जपा, रकमेच्या आधी 'रु.' लिहू नका. त्या 'रु.' मधलं टिंब आधी येतं, रायटर तिथेच जुळवतं आणि सगळ्या रकमा उजवीकडे पळतात. २०१० पासून आपल्याकडे ₹ हे चिन्ह आहे ते वापरा, नाहीतर रकान्याच्या डोक्यावर एकदाच 'रक्कम रुपये' लिहा आणि खाली नुसते आकडे, हे जास्त स्वच्छ दिसतं.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे मी रायटर सोडत नाही. दशांश प्रकार निवडला की शेजारी कॅरॅक्टर नावाचा एक खाना सुरू होतो, तिथे टिंबाऐवजी दुसरं कुठलंही चिन्ह टाकता येतं. आपल्याकडे रक्कम लिहायची पद्धत ५००/- अशी आहे ना, पावतीवर, पत्रिकेवर, वर्गणीच्या यादीत सगळीकडे. त्या खान्यात तिरकी रेघ टाकायची, मग सगळ्या पूर्ण रुपयांच्या रकमा त्या रेघेवर जुळतात, काही ठिकाणी पुढे '/-' आहे आणि काही ठिकाणी '/- (धनादेश)' असं लांब आहे तरी आकडा जागचा हलत नाही. देणगीदारांच्या यादीत हे फार उपयोगी पडतं कारण कोणी रोख देतं, कोणी चेक, कोणी ऑनलाइन, आणि ते रकमेपुढे लिहावंच लागतं. ही सोय वर्डमधे नाही, तिथे दशांश चिन्ह विंडोजच्या सेटिंगमधून येतं, म्हणून ही युक्ती वापरलेली फाईल ओडीटीमधेच, म्हणजे रायटरच्या स्वतःच्या फाईल प्रकारात ठेवा आणि बाहेर देताना पीडीएफ द्या.

ठिपक्यांची रेघ, म्हणजे नाव आणि रक्कम यांच्यामधे जे टिंबटिंबटिंब असतं ते, त्याच पानावर फिल कॅरॅक्टरमधे मिळतं. टिंबाचं बटण दाबून धरायची अजिबात गरज नाही, स्टॉपलाच सांगायचं की मधली जागा ठिपक्यांनी भर, मग नाव मोठं झालं की ठिपके आपोआप कमी होतात. खानावळीचं मेनूकार्ड, स्मरणिकेची अनुक्रमणिका, कार्यक्रमपत्रिकेतल्या वेळा, सगळीकडे हेच. ठिपक्यांऐवजी खालची रेघ निवडली की सभासद नोंदणीचा फॉर्म तयार, 'नाव' लिहा, टॅब दाबा, उजव्या समासापर्यंत रेघ, पुढच्या ओळीत 'पत्ता', टॅब, रेघ, सगळ्या रेघा बरोब्बर एकाच ठिकाणी संपतात. सोसायटीचे फॉर्म बघा तुम्ही कधी, अंडरस्कोअर दाबून काढलेल्या रेघा कुठेही संपलेल्या असतात आणि एखादी तर खालच्या ओळीत उतरलेली असते.

जमाखर्च पत्रकाचं माप देते, तसंच्या तसं वापरा. ए४ कागद, दोन्ही बाजूला २ सेंटीमीटर समास, म्हणजे लिहायला १७ सेंटीमीटर मिळतात. जमेची नावं डाव्या समासापासूनच, त्यांची रक्कम ७ सेंटीमीटरला दशांश टॅब, मग ८.५ ला डावा टॅब म्हणजे तिथून खर्चाची नावं सुरू, आणि शेवटी १६ ला परत दशांश. एक ओळ म्हणजे 'वर्गणी' टॅब रक्कम टॅब 'मांडव' टॅब रक्कम. मूर्ती, रोषणाई, ढोलताशा पथकाचं मानधन, प्रसाद, छपाई असं खाली खाली जात राहायचं आणि शेवटच्या एकूण ओळीला वर बॉर्डर द्यायची. ज्या बाजूची नोंद नसेल तिथे नुसता टॅब दाबून पुढे जायचं, रकाना रिकामा राहतो पण बाकीचे हलत नाहीत. अनुक्रमांक घालायचा असेल तर त्याला उजवा टॅब लावा, १ सेंटीमीटरला, आणि नाव १.३ ला डाव्या टॅबवर, म्हणजे ९ आणि १० आणि १०० यांची शेवटची बाजू एका रेषेत येते, डाव्या बाजूने लावलेले अनुक्रमांक १०० च्या पुढे गेले की फार वाईट दिसतात. अशा वेळी आतल्या रकान्यांची अंतरं तेवढी पुढे सरकवून घ्या.

सह्यांची ओळ तर प्रत्येक नोटिशीत असते. अध्यक्ष डावीकडे, सचिव मधोमध, खजिनदार उजवीकडे. ८.५ ला मधला टॅब, १७ ला उजवा टॅब, झालं. गंमत म्हणजे रायटरच्या हेडर आणि फूटरमधे हे दोन टॅब आधीपासून लावलेलेच असतात म्हणून तिथे मंडळाचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक एका ओळीत लगेच बसतात. पण समास बदलले तर ते टॅब आपोआप सरकत नाहीत, हे मात्र चांगलं नाही, हाताने बदलावे लागतात. वर्डने यासाठी २००७ पासून समासाला बांधलेला वेगळा अलाइनमेंट टॅब दिलाय, ती सोय रायटरमधेही असायला हवी होती.

टॅब हा परिच्छेदाचा गुण आहे. म्हणजे तुम्ही कर्सर ज्या ओळीत ठेवलाय तिथलाच स्टॉप हलतो, बाकीच्या ओळी तशाच राहतात, आणि मग लोक म्हणतात हे सॉफ्टवेअर बिघडलंय. सगळ्या ओळी सिलेक्ट करून हलवा हा तात्पुरता उपाय, खरा उपाय स्टाईल. एफ ११ दाबलं की स्टाईल्सची खिडकी येते, तिथे 'देणगी ओळ' नावाची एक परिच्छेद स्टाईल करा आणि टॅब त्या स्टाईलमधे लावा. मग यादी चार पानांची असो की चाळीस, प्रेसवाल्याने सांगितलं की बांधणीकडचा समास वाढवा, तर स्टाईलमधे एक आकडा बदलायचा आणि अख्खी यादी सरकते. मला विचाराल तर ज्याला रोज असे कागद करायचेत त्याने बाकी काही नाही शिकलं तरी हे शिकावंच, यात जेवढा वेळ वाचतो तेवढा दुसऱ्या कशातच नाही.

जुन्या फाईलींचं काय हा प्रश्न येतोच. दरवर्षी मागच्या वर्षीची फाईल उघडून त्यातच बदल करायची आपली पद्धत, आणि ती फाईल स्पेसने भरलेली. शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडून आलेल्या यादीत तर स्पेस, टॅब, टिंबं सगळं एकाच ओळीत मिसळलेलं होतं. रायटरच्या फाइंड अँड रिप्लेसमधे रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे ठरावीक खुणा वापरून शोधायचा पर्याय चालू करा, शोधायच्या जागी एक स्पेस आणि तिच्यापुढे महिरपी कंसात इंग्रजी दोन आणि स्वल्पविराम, म्हणजे दोन किंवा जास्त स्पेस, आणि बदलायच्या जागी बॅकस्लॅश आणि छोटा इंग्रजी टी, म्हणजे टॅब. एका फटक्यात सगळ्या लांबलचक स्पेसच्या जागी एकेक टॅब. मग स्टाईल लावली की यादी उभी राहते. नावामधे चुकून दोन स्पेस पडल्या असतील तर तिथेही टॅब येतो, तेवढं नजरेखालून घाला. आणि हो, नुसता रकमांचा रकाना ठळक करायचा असेल तर आल्ट धरून माऊसने उभा पट्टा सिलेक्ट होतो, टॅबने रकाने नीट लावलेले असले तर हे फार छान जमतं.

टॅब कुठे वापरू नये हेही सांगते. मजकूर एका ओळीत मावत नसेल, खर्चाचा तपशील दोन तीन ओळींचा असेल, तर सरळ टेबल करा. टॅबच्या ओळीत नाव स्टॉपच्या पुढे गेलं की रक्कम पुढच्या थांब्यावर नाहीतर खालच्या ओळीत ढकलली जाते, याला काही इलाज नाही. आधी टॅबने केलं असेल तर टेबल मेनूमधल्या कन्व्हर्टने मजकुराचं टेबल होतं, मेहनत वाया जात नाही. टेबलच्या खान्यात टॅबचं बटण पुढच्या खान्यात नेतं, खान्याच्या आत टॅब हवा असेल तर कंट्रोल धरून टॅब. इथे वर्ड पुढे आहे, तिथे खान्याला दशांश टॅब लावला की बटण न दाबताच आकडे जुळतात.

वर्डमधे बाकी डावा, उजवा, मधला, दशांश, ठिपके सगळं आहे, शिवाय उभी रेघ काढणारा बार टॅब आहे, ज्यांच्याकडे वर्ड आहे त्यांनी मुद्दाम बदलायची गरज नाही. गूगल डॉक्समधे मात्र पट्टीवर फक्त डावा, मधला आणि उजवा मिळतो, दशांश नाही, त्यामुळे सगळ्यांनी मिळून नोटिशीचा मसुदा लिहायला ते उत्तम पण हिशोबाला मी ते सुचवणार नाही. २०२४ मधे डॉक्समधे टॅब नावाची नवीन सोय आली ती वेगळी, ती एका फाईलमधे भाग पाडायची, तिचा या कामाशी संबंध नाही.

मराठी अक्षरांच्या बाबतीत रायटर २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून जोडाक्षरं सगळ्या सिस्टीमवर एकाच इंजिनने मांडतं, त्यामुळे घरच्या लिनक्सवर केलेलं ऑफिसच्या विंडोजवर फारसं हलत नाही, फॉन्ट तोच असला की झालं. मी मुक्त फॉन्ट वापरते, युनिकोडच, म्हणजे कोणालाही पाठवता येतो. काही फॉन्टमधे मराठी १ आणि ८ यांची रुंदी वेगळी असते, तिथे दशांश टॅब बरोबर असूनही दशकाचे रकाने किंचित हललेले दिसतात, मोठं जमाखर्च पत्रक असेल तर फॉन्ट ठरवायच्या आधी १,११,१११ आणि ८,८८,८८८ एकाखाली एक लिहून बघा.

प्रेसला देताना पीडीएफच द्या, आणि पीडीएफ काढल्यावर शंभर टक्के आकारावर एक प्रिंट घेऊन रकान्यांवर पट्टी ठेवून बघा. एखादी रक्कम हललेली दिसली तर बहुतेक वेळा त्या ओळीला स्टाईल लावायची राहिलेली असते, कर्सर तिथे नेऊन 'देणगी ओळ' वर डबल क्लिक केलं की ती जागेवर येते.